कापड बाजारातली ओली भिंत

कोकणातल्या माणसाला कुणी सांगितलं की भिंत ओली आहे, तर तो विचारतो, "मग?" चिपळूणला आमच्या घराच्या भिंती मृगापासून दिवाळीपर्यंत ओल्याच असतात आणि आम्ही त्यांना टेकूनच बसतो. पण हेमाचा फोन आला तो चैत्रात, आणि आला नगरहून. "मंदे, दुकानाच्या दर्शनी भिंतीला पोट आलंय. पायाशी ओल आहे. धोकादायक इमारत म्हणून नोटीस लागलीय आणि सोमवारी पालिकेचे साहेब बघायला येणार आहेत. सगळे म्हणतात, पाडा." नगरला चैत्रात ओल? मी चहा तसाच ठेवला आणि बॅग भरायला घेतली.

हेमा माझी पुण्याच्या वसतिगृहातली खोलीसोबतीण. लग्न होऊन ती नगरच्या कापड बाजारात गेली आणि सासरचं लेस, बटणं, दोरे, अस्तर यांचं दुकान सांभाळू लागली. मी सरकारी खात्यात इंजिनिअर झाले. माझी उभी नोकरी पुलांच्या पायाशी गेली. निवृत्त झाल्यावर घरचे म्हणाले, आता तीर्थयात्रा करा. मी म्हटलं, बघू. पहिली यात्रा ही अशी घडली.

इमारत पाडली तर काय जातं, ते हेमानं फोनवरच सांगितलं होतं. नवं बांधायचं तर रस्तारुंदीच्या रेषेत निम्मी जागा जाते. उरलेल्या जागेत काउंटर मावेल, पण त्याच्यापुढे गिऱ्हाईक मावणार नाही. म्हणजे दुकान संपलं, आणि वरचं राहतं घरही. हेमा रडणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी तिचा आवाज बसलेला होता. मी मनाशी ठरवलं, ही भिंत पाडू द्यायची नाही. ठरवताना मी ती पाहिलेलीसुद्धा नव्हती, हे कबूल करते.

गुरुवार, कापड बाजार

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं आणि कंडक्टर "नगर, नगर, चला नगर" असं ओरडत असतो. उतरल्याबरोबर ऊन अंगावर आलं. आमच्याकडचा उन्हाळा घामाचा, इथला कोरडा. घाम यायच्या आधीच वाळतो, आणि माणसाला वाटतं आपल्याला काही झालंच नाही. तासाभरात डोकं धरलं तेव्हा कळलं.

दुकान गल्लीच्या वळणावर आहे. खाली दुकान, वर दोन मजले, मधल्या मजल्याला लाकडी सज्जा. शेजारी साड्यांची दोन काचेची दुकानं, समोर रसवंती. भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर पिस्ता रंग. रंगाला तडे गेलेले, आणि दुकानाच्या पायरीच्या डाव्या अंगाला भिंत खरोखरच पोट सुटलेल्या शेठजीसारखी पुढे आलेली. तिला बांबूचे दोन टेकू लावले होते. असे टेकू लावणाऱ्याच्या मनाला बरं वाटतं. भिंतीला त्याचं काही नसतं. मी पहिलं काम म्हणून लोखंडी टेकू मागवले.

हेमाचे थोरले दीर रंगनाथदादा काउंटरवर बसले होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, सत्तरीचे, बायको वारलेली. घर त्यांच्या नावावर आणि शब्दही त्यांचाच. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "कोकनातून आलात व्हय? तिकडं तर घरं वाहून जात्यात म्हनं. आन् आमचं घर तुमी वाचवनार?"

"वाहून जातात म्हणूनच पाया बघायची सवय आहे, दादा," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी समोरून माझ्यासाठी रस मागवला.

दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात त्यांची देवी आहे. मूर्ती नाही, कमरेएवढा एक चौकोनी ओबडधोबड ठोकळा, वर निमुळता, शेंदरानं इतका लिंपलेला की खाली काय आहे कळू नये. त्यावर चांदीचे डोळे. डोक्यावर वाटीएवढं भोक आणि शेजारी पितळी घागर. हेमा म्हणाली, "ही पाणी पिणारी देवी. घर बांधायच्या आधीपासून इथं आहे म्हणतात." मी नमस्कार केला आणि जेवायला वर गेले.

जेवायला बाजरीची भाकरी, ठेचा आणि हुलग्याची शेंगोळी. हुलगे म्हणजे आमचे कुळीथच. आम्ही त्याचं पिठलं करून भातावर ओढतो. इथं त्या पिठाचे वळून वेटोळे करतात आणि लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवतात. एकाच धान्याची दोन सासरं. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा हेमाचा नवरा सुधीर म्हणाला, "ताई, भिंत राहू द्या, आधी तुम्हालाच टेकू लावावा लागेल."

शुक्रवार, पायाशी

पहाटे पाण्याच्या मोटारीच्या आवाजानं जाग आली. नगरला नळ एकाआड एक दिवस येतो आणि आला की अख्खी गल्ली उठते. खाली आले तर दादा सोवळ्यात, हातात रबरी पाईप, आणि पाईपचं तोंड देवीच्या डोक्यावरच्या भोकात. "आधी तिची तहान, मग आपली," ते म्हणाले. "वडील घागर वतायचे. आता मोटार हाय, तर कंजूषपना कशाला? कितीबी पाजा, भरत न्हाई ती." मला वाटलं, देवीला आंघोळ चाललीय, पाणी पलीकडच्या मोरीतून जात असेल. एवढी मोठी बाई मी, आणि मोरी कुठं आहे हे विचारलं नाही.

गवंडी लतीफभाई आले. हेमाच्या घरचं काम त्यांच्या वडिलांपासूनचं. त्यांनी शिडी लावून वरपासून पोट आलेल्या भागापर्यंतचा गिलावा सोलायला सुरुवात केली आणि मी पुढे खुर्ची टाकून बसले. त्या दिवसाइतकं सुख मला पुष्कळ वर्षांत मिळालं नव्हतं.

गिलाव्याखाली आधी आल्या जाड, यंत्रावरच्या विटा. हे सुधीरच्या आजोबांनी वरचा मजला चढवला तेव्हाचं. त्याखाली बोटभर जाडीच्या पातळ विटा, चुन्यात बसवलेल्या, मधेमधे सागाची आडवी तुळई. हे पेशवाईच्या आसपासचं असावं. आणि छातीच्या खाली काळा दगड, चांगला घडवलेला, सांध्यात सुरीचं पातं जाऊ नये असा. टाकीचे घाव थेट भुईकोट किल्ल्याच्या भिंतीवर दिसतात तसे. निजामशाहीचा म्हणायला मोह होतो. मी इतिहासकार नाही, दगडाचं वय मला सांगता येत नाही; पण कोण कुणाच्या खांद्यावर बसलंय ते सांगता येतं. एक घर कुणी एकदा बांधलेलं नव्हतं. जो आला त्यानं आधीच्याचं काढून टाकलं नाही, त्याच्यावर उभं केलं. आणि आपण मात्र पाडायला निघालो होतो, याचा मला राग आला.

काळा दगड अगदी सरळ होता. पोट आलं होतं ते पातळ विटांना. सिमेंटच्या गिलाव्यानं ओल आत कोंडली होती, चुना भिजून लोण्यासारखा झाला होता. पण मुळात ओल आली कुठून? आम्ही पायरीच्या बाजूला खड्डा घेतला. हातभर खाली माती काळी आणि थंड लागली. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ होत होतं, आणि इथं मातीचा लाडू वळत होता.

नळाची लाईन बंद करून पाहिली, गटार पाहिलं, शेजाऱ्याचं न्हाणीघर पाहिलं. सगळं कोरडं. मग लतीफभाईंची पहार दगडावर वाजली. पायातल्या एका दगडाला गोल भोक होतं आणि त्यात खापराच्या नळीचा तुकडा, चिखलानं बुजलेला.

"हे जुनं खापरी नळ," लतीफभाई म्हणाले. "नागापूरकडनं शहरात पानी यायचं ना बादशाही टायमाला, त्ये. माज्या बापाला दोन-तीन जागी घावलं हुतं."

"पण ते नळ बंद पडून पिढ्या झाल्या. मग हे पाणी कुठलं?"

लतीफभाईंनी आकाशाकडे बोट केलं. म्हणजे अल्लाला ठाऊक. मी त्यांना पायाचे उघडे पडलेले सांधे ताज्या चुन्यानं भरून घ्यायला सांगितलं आणि हात धुतले. रात्री झोप लागली नाही. हरणं मला जमत नाही, आणि सोमवार जवळ येत होता.

शनिवार, नागापूर

सुधीर नागापूरच्या एमआयडीसीत कामाला आहे. सकाळी त्याच्या स्कूटरवर मागे बसले. "तुझ्या कारखान्याच्या आसपास जुन्या नळाचं काही शिल्लक असेल तर दाखव," असं म्हणून. चहाच्या टपऱ्या, वजनकाटे, पत्र्याच्या शेड आणि ट्रकची रांग. निजामशाही शोधायला यापेक्षा वाईट जागा सापडली नसती. दोन वॉचमननी आम्हाला हाकललं. तिसऱ्यानं, "खापरी नळ व्हय? त्यो खांब हाय न्हवं पंक्चरवाल्याच्या मागं," असं सांगितलं.

पंक्चरच्या दुकानामागे बाभळीत तो उभा होता. चौकोनी, दगडचुन्याचा, दीड पुरुष उंच, वर निमुळता होत गेलेला. एका बाजूनं फुटला होता, त्यामुळे आतलं दिसत होतं: मधोमध उभी पोकळी, आणि तळाशी दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या खापराच्या नळ्या. लांबून येणाऱ्या पाण्यातली हवा निघून जावी, गाळ खाली बसावा, यासाठी वाटेत असे खांब बांधत. पंक्चरवाल्यानं त्याच्यावर जुनी टायरं अडकवली होती.

मी त्याच्याभोवती फिरले. फुटक्या बाजूनं आत वर पाहिलं, तर डोक्यावर वाटीएवढं भोक. कुठंतरी पाहिलंय, असं वाटत राहिलं. मग मनातल्या मनात मी त्याला शेंदूर फासला आणि चांदीचे डोळे लावले.

"सुधीर," मी म्हटलं, "तुमच्या देवीच्या मागे मोरी आहे का रे?"

"मोरी? न्हाई बा. पाणी ती पिते ना."

त्याला सगळं सांगितलं. शहरातला असाच एक खांब, घराच्या जागेत आलेला, वरचा भाग कधीतरी पडलेला. नळ बंद झाले, लोक त्याचा उपयोग विसरले, पण त्याचा पाण्याशी संबंध आहे एवढं त्यांच्या लक्षात राहिलं. म्हणून पाणी वाहू लागले. घागरभर पाणी माती गिळून टाकायची. पण आता मोटारीचं पाणी थेट त्या फुटक्या नळीतून पुढच्या भिंतीच्या पायात जात होतं, एकाआड एक दिवस, मोठ्या भक्तिभावानं.

सुधीरनं त्या टायरांनाच नमस्कार केला. मग म्हणाला, "ताई, हे दादाला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर भिंत पडायच्या आधी मलाच घराबाहेर काढेल."

रविवार

नळाचा दिवस. दादा सोवळ्यात खाली यायच्या आधीच मी देवीपुढे जाऊन बसले होते. सांगायचं ते सरळ सांगितलं. आडपडदा मला येत नाही. दादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही.

"ती पिते म्हनून घर उभं हाय, आसं माजा बाप सांगायचा. आन् तुमी म्हनता, पिते म्हनून पडतंय?"

"मी म्हणते तसं असेल किंवा नसेल. बघूया की. आज पाण्यात थोडी नीळ टाकू. खड्ड्यात निळं पाणी आलं तर माझं खरं. नाही आलं तर मी आजच चिपळूणची गाडी धरते."

"देवीच्या पान्यात नीळ? कापडं हायेत का ती?" ते गरजले. हेमानं माझा पदर ओढला. मग तेच म्हणाले, "हळद चालंल. हळद तिची हाय."

हेमानं बादलीत मूठमूठ हळद कालवली. दादांनी स्वतःच्या हातानं ती भोकात ओतली आणि मग पाईप लावला. आम्ही सगळे बाहेर खड्ड्याभोवती जाऊन उभे राहिलो. रसवंतीवाला आला, साडीवाल्याचे नोकर आले. बराच वेळ काही झालं नाही. आता वाटतं, मला खरं ठरण्याची घाई होती आणि दादांना मी खोटी ठरावी याची.

मग दगडाच्या सांध्यातून पाणी पाझरलं. पिवळं नाही, लाल. कुंकवासारखं गडद लाल, ताज्या चुन्याच्या रेघेवरून खाली ओघळणारं.

साडीवाल्याच्या नोकरांनी हात जोडले. कुणीतरी "आई!" म्हणालं. दादा पायरीवर बसले. हेमा माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती आणि त्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलं होतं: गप्प बस, काम झालंय. मला ते समजत होतं. एक शब्द बोलले नसते तर दादांनी तो देवीचाच हुकूम मानून पाणी बंद केलं असतं आणि भिंत वाचली असती. पण ज्या माणसाच्या देवीला मी खांब म्हटलं, त्याला आता फसवून जिंकणं मला झेपेना.

"दादा," मी म्हटलं, "शुक्रवारी सांध्यात ताजा चुना भरलाय. हळदीला चुना लागला की ती लाल होते. यात दुसरं काही नाही."

दादांनी वर पाहिलं. "ते मला ठावं हाय. माजी आई घरी हळदीचं कुंकू करायची." मग म्हणाले, "म्हनून काय तो कौल न्हाई व्हय?"

मी वाकून दगडावरचा लाल ओघळ बोटानं टिपला.

"पानी बंद केलं तर भिंत ऱ्हाईल?"

"पोट आलेल्या विटा उतरवून चुन्यात परत चढवाव्या लागतील. पण राहील. खालचा दगड अजून शे-दोनशे वर्षं हलत नाही."

ते वर गेले. जेवायला आले नाहीत. संध्याकाळी हेमा ताट घेऊन गेली तर म्हणाले, "तिला उपाशी ठिवून मी जेवू?" हेमा ताट घेऊन परत आली आणि जिन्यातच बसून राहिली. मीही तिच्या शेजारी बसले. मला त्या हळदीचा तिटकारा आला होता.

सोमवार

साहेब ऊन चढायच्या आत आले. बुटांवर धूळ, हातात टेप, गर्दीतून वाट काढून दमलेले. मी त्यांना भिंत खालून वर दाखवली, खड्डा दाखवला, लोखंडी टेकू दाखवले. माणूस ऐकणारा होता. त्यानं काळ्या दगडावर हात फिरवला आणि म्हणाला, "पायाला धक्का नाही खरा. दुरुस्तीला मुदत देता येईल. पण पाण्याचा उगम बंद झालाय का? तेवढं मला आत्ता इथं सांगा. उद्या परत तेच असेल तर मी सही करणार नाही."

सगळ्यांनी काउंटरकडे पाहिलं. दादा तिथं नव्हते. सुधीरनं मान खाली घातली. हेमानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दादा सोवळ्यात, खांद्यावर भरलेली पितळी घागर. ते देवीपाशी गेले. त्यांनी चार थेंब बोटांनी तिच्यावर शिंपडले, घागर पुन्हा खांद्यावर घेतली आणि दुकानातून बाहेर पडले, आमच्या मधून, रस्ता ओलांडून. रसवंतीच्या पलीकडे, विजेच्या खांबाच्या सावलीत लाकडी घडवंचीवर मातीचा नवा रांजण ठेवलेला मी तेव्हा पाहिला. पहाटे कुंभाराकडे जाऊन आणला असणार. दादांनी घागर त्यात रिकामी केली, वर पत्र्याचं झाकण ठेवलं, झाकणावर पेला उपडा घातला आणि त्याला हळदकुंकवाचं बोट लावलं.

मग पेला भरून रस्ता ओलांडून आले आणि साहेबांपुढे धरला. "झाला बंद. आता रांजनातून पिनार ती. घ्या साहेब, पहिला तुमचा."

साहेब पाणी प्यायले आणि त्यांनी सही केली. दुरुस्तीला मुदत मिळाली. हेमा दुकानात जाऊन एका बटणाच्या खोक्यावर डोकं टेकून रडली, आणि मी तिला रडू दिलं.

दुपारी माझी गाडी होती. पिशवीत हुलग्याचं पीठ, शेंगोळी कशी वळायची त्याच्या सूचना, आणि लतीफभाईंनी हट्टानं दिलेला खापराचा तुकडा, जो मी हट्टानं परत त्या दगडाशेजारी ठेवून दिला. रिक्षा येईपर्यंत दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. रांजणापुढे गठ्ठे वाहणारे हमाल उभे होते, खेड्यातून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बाया होत्या, त्यांची पोरं होती. दादा तिसऱ्यांदा घागर घेऊन आले तेव्हा रांजणाच्या तळाशी पेला खरवडत होता.

मला पाहून त्यांनी टोपी सारखी केली. कपाळावरून घाम निथळत होता, आणि आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

"मी म्हनलो हुतो का न्हाई, ताई?" ते म्हणाले. "कितीबी पाजा, भरत न्हाई ती."